डब्यातलं पाणी

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुमच्या यवतमाळच्या पूलमध्ये लेव्हल होत्या का?" तिकडे पोहण्याच्या क्लासमध्ये तिला बदकाचा बिल्ला मिळालाय. पुढचा पेंग्विनचा आहे आणि त्यासाठी पाण्याखाली डोळे उघडे ठेवावे लागतात. तेवढं एक तिला नको वाटतं. मी "होत्या, होत्या" म्हणाले आणि तुमच्या आईला फोन द्यायला सांगितलं. डोळे उघडे ठेवण्याचं ऐकलं आणि मला पुढे बोलवेना. म्हणून हे लिहून पाठवते आहे. तुमच्यातल्या मोठ्याने धाकटीला वाचून दाखवावं, आणि तिला भीती वाटली तर मध्येच थांबावं.

आधी लेव्हल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या क्लबचा तलाव गावाच्या कडेला, एका जिनिंगला लागून होता. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तलाव मार्चमध्ये भरायचा आणि पावसाळ्याआधी रिकामा व्हायचा. हंगामाच्या सुरुवातीला पाण्यावर कापसाचे तंतू उडून यायचे आणि दुधावर साय धरावी तसा पांढरा थर धरायचा. मुलं तो हाताने बाजूला सारून पाण्यात उतरत. पुढे कापसाची वाईट वर्षं आली. पाणी स्वच्छ, हिरवं, अगदी तळापर्यंत दिसू लागलं. पाणी इतकं स्वच्छ दिसलं की मोठ्या माणसांचे चेहरे उतरत.

मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. पण मुलींच्या बॅचला कुणीतरी वयस्क बाई काठावर बसलेली असली तरच घरचे मुलींना पाठवत. ती बाई मी. कॉलेजात इंग्रजी शिकवून झालं की संध्याकाळी वेताच्या खुर्चीत गळ्यात शिट्टी अडकवून बसायचे. मला सगळं क्रमाने लागतं, हे तुम्ही जाणताच. मी एक इंग्रजी पुस्तक मागवून त्यातल्या पायऱ्या पोहायला शिकवणाऱ्या आमच्या सरांना वाचून दाखवल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यांयले पानी इंग्रजीत बुडवत नाही." शेवटी त्यांच्याच पायऱ्या राहिल्या. मी फक्त त्यांना क्रम दिला.

पहिली पायरी, म्हणजे तलावाच्या पायऱ्यांवर बसून तोंड पाण्यात घालणं. मग दांडी. काठाची दांडी धरून पाय मारायचे. मग डबा. मग मोकळी पाठ. मग खोल. आणि शेवटची तळ.

डबा म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावून पाठीला बांधलेला. त्याच्या आधाराने मूल तरंगतं. आता यातली गंमत. सर रोज स्वतःच डबा बांधत, तोही मुलाला पायरीवर छातीभर पाण्यात बसवून. आणि दर थोड्या दिवसांनी गुपचूप त्यात पेलाभर पाणी घालत. पाण्यात पाण्याचं ओझं कळत नाही. आधार कमी कमी होत जाई, मूल जास्त जास्त पोहत जाई, आणि त्याला वाटे की डबाच आपल्याला तारतो आहे. एक दिवस डबा पूर्ण भरलेला असे आणि मूल पलीकडच्या काठाला लागे. मग सर सगळ्यांसमोर डबा सोडत, झाकण उघडत आणि भडभडा पाणी ओतून दाखवत. "घे, पाहा तुयं तरंगनं!" बाकीची मुलं टाळ्या वाजवत. ज्याचा डबा असे ते बहुतेक वेळा रडे. फसवलं म्हणून रागाने.

आणि तळ म्हणजे खोल पाण्यात टाकलेला पितळी गडू वर काढणं. नुसता गडू आणून भागत नसे. सर त्याच्याशेजारी काहीतरी ठेवत. कधी बटण, कधी खडूचा तुकडा, कधी बांगडी. वर आल्यावर खाली काय होतं ते सांगायचं. डोळे उघडे होते याचा तो पुरावा. काही मुलं डोळे मिटूनच गडू चाचपत आणि वर येता येता ओरडत, "बटन! बटन!" सर हसत. एकदा मला म्हणाले, "मॅडम, जो पाहून येते थो आधी श्वास घेते. ज्यानं पाह्यलं नाही थो आधी बोलते." मीही मग पाहू लागले. खरंच तसं होतं.

अशाच एका स्वच्छ पाण्याच्या मार्चात एक बाई आपल्या बहिणीच्या मुलीला घेऊन आली. मुलगी चौदाएक वर्षांची, वेणी घट्ट बांधलेली, तोंडाने काही न बोलणारी. बाकीचे पालक म्हणत, बुडू नये एवढं शिकवा. ही मावशी म्हणाली, "सर, हिले बुडी माराले शिकवा. तळापर्यंत. किती दिवसांत होईन?"

"बुडाले काय वं बाई, एका दिवसात येते," सर म्हणाले. "वर याले टाइम लागते."

सर हसले. मावशी हसली नाही आणि मुलगीही हसली नाही. मुलगी डब्यांच्या रांगेकडे पाहत होती.

तिला पायरीवर बसवल्यावर मावशी माझ्या खुर्चीशेजारी येऊन टेकली आणि हळू आवाजात तिने सांगितलं. मुलीचं गाव पांढरकवड्याच्या पुढे, केळापूरच्या बाजूला. आदल्या पावसाळ्यात तिची आई शेतातल्या विहिरीत गेली. घरचे सांगत होते, पाणी भरायला गेली आणि पाय घसरला. त्या वर्षांत आमच्याकडे कुणी गेलं की पहिला प्रश्न एकच असे, झालं की केलं? शेतकरी माणूस गेला तर गाड्या येत, पुढारी येत. ही बाई. जमीन तिच्या नावावर नव्हती. चौकशीला आलेल्यांनी अपघात म्हटलं आणि ते निघून गेले. पण गावात कुजबुज राहिली. तिला शेताकडे जाताना पाहणारं कुणीतरी म्हणालं होतं, हातात कळशी नव्हती. घरची म्हातारी शपथेवर सांगत होती, कळशी घेऊनच गेली, ती विहिरीत आहे. दोराला गळ बांधून विहिरीत टाकला, तर वर आली फक्त गाळाने भरलेली एक बादली.

"कळशी हाय का नाही, एवढंच पाहाचं म्हंते," मावशी म्हणाली. "कळशी असन तर माय पान्याले गेलती. नसन तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "लहान बहीण हाय तिची घरी. थे दिवसभर हेच विचारते सगळ्यायले."

"आणि घाई कशाची?"

"तिचा बाप विहीर बुजवून राह्यला. पावसाच्या आधी."

मी सरांना सांगितलं. ते डब्याचा नाडा हातात घेऊन नुसते उभे राहिले. त्यांच्या एका कानाचा पडदा फाटलेला होता, खोल जाणं त्यांना बंद होतं. नाहीतर ते त्याच दिवशी गाडी काढून गेले असते, असे होते ते.

मुलगी भराभर वर चढली. पायरी, दांडी, डबा. ज्या दिवशी सरांनी तिचा डबा सोडून पाणी ओतलं, ती ना रडली ना हसली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. रिकामा डबा ठन्न वाजते. भरला का बद्द वाजते."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमी एवढं लपवून राह्यले होते," ती म्हणाली, "म्हनलं, राहू द्या."

मुलं खिदळली. सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. त्या दिवशी मला ती मुलगी फार आवडली आणि तिची थोडी भीतीही वाटली.

मग खोल पाणी. पहिल्याच दिवशी ती खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. सर दांडी सोडून पुढे झाले, मी खुर्चीतून उठले. मग तिचं डोकं वर आलं. केस चेहऱ्यावर चिकटलेले, डोळे उघडे. आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "कोनी नाही."

सरांनी तिला काही विचारलंही नव्हतं.

एक मुलगी काठावरून ओरडली, "कोन पाहिजे व्हतं वं तुले खाली?" सगळ्या हसल्या. तीही हसली. पण नंतर दर वेळी ती वर आली की तेच म्हणे, श्वास घेऊन, हिशोब द्यावा तसं. कोनी नाही. आठवडाभरात लहान मुली खोल पाण्याकडे जाईनाशा झाल्या. त्यांच्यात ठरून गेलं की खोल पाण्यात कुणीतरी आहे, म्हणून तर ताई रोज पाहून येते. एकीने मला विचारलं, "मॅडम, थे बाई दिवसा कुठी राह्यते?" मी दटावलं. पण संध्याकाळ कलली आणि तलावाची ती बाजू काळसर झाली की मीही खुर्ची जरा इकडे सरकवून घेई. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची प्रत्येक फरशी दिसे. तरीही.

मे संपत आला. मावशी निरोप घेऊन आली की दगड-मातीच्या ट्रॉल्या सांगून ठेवल्यात. मुलगी सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मॅडम, गडू राहू द्या. मी थेट विहिरीत जातो. सर नाही आले तर एकटी जातो."

मी म्हटलं, "आधी गडू."

तिने माझ्याकडे पाहिलं, वळली आणि सूर मारला. गडू घेऊन वर आली. श्वास. "निळी बांगडी. फुटकी." गडू माझ्या पायाशी ठेवला. अंगातून पाणी निथळत होतं. "आता?"

तेव्हा सर म्हणाले, "चाल."

आम्ही एका ओळखीच्या माणसाच्या जीपने गेलो. सर, मुलगी, मावशी आणि मी. मुली पोहतात तिथे बाई बसलेली हवी, हा नियम विहिरीलाही लागू होता, असं माझं मीच ठरवलं. दुपार चढलेली होती. काळ्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांची खुंटं अजून उभी होती. विहिरीला कठडा अर्धवट, आत लोखंडी कड्या, आणि खाली दीड-दोन पुरुष पाणी. वरून ते पाणी दिसत नव्हतं, फक्त काळा गोल दिसत होता आणि त्यात आमची डोकी.

बाप एका बाजूला उभा होता. नुसता हाडांचा सापळा. म्हातारी पदराने तोंड दाबून बसली होती. धाकटी बहीण जेमतेम सहा-सात वर्षांची असेल. ती येऊन माझ्या हाताला धरून उभी राहिली. मला ओळखत नव्हती. मी तिथे सगळ्यांत नीटनेटकी दिसत होते, म्हणून असेल.

"मॅडम, माय कळशी घेऊनच गेलती ना?"

मी काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, "घेऊनच गेलती. किती डाव सांगू तुले?"

"बुजवू द्या ना सर आता," बाप म्हणाला. "कायले पाहाले लावता पोरीले?"

"मी नाही लावून राह्यलो, भाऊ. थेच आली."

सरांनी तिच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक बापाच्या हातात दिलं आणि स्वतः कड्यांवरून पाण्यापर्यंत उतरले. ती त्यांच्या मागून उतरली. मग पाण्याचा आवाज झाला आणि सगळं गप्प. विहिरीत आवाज फार मोठा होतो, आणि शांतताही.

पहिल्यांदा वर आली. आधी श्वास. "गाळ हाय. बकिटीची कडी." कडी हातात होती.

दुसऱ्यांदा. श्वास. "दगड. बाभळीची फांदी."

तिसऱ्यांदा ती खूप वेळ राहिली. दोर थरथरत होता. बापाची बोटं पांढरी पडली होती. माझ्या हातातला तो लहान हात घामाने ओला झाला होता, किंवा माझा झाला असेल. सर खालून ओरडले, "ओढा!" बापाने ओढायला सुरुवात केली आणि तेवढ्यात तिचं डोकं पाण्याबाहेर आलं. ते बाहेर येता येताच ती ओरडली, "हाय! कळशी हाय! गाळात रुतली, निघत नाही!"

आणि मग तिने श्वास घेतला. मोठा, घोगरा, विहीरभर घुमलेला.

सरांनी सवयीने विचारलं, "तोंड कुठी हाय कळशीचं? वर का खाली?"

तिने मान वर करून पाहिलं. वर कठड्याशी मी होते आणि माझ्या हाताला धरून ती लहानगी वाकून बघत होती.

"वर," ती म्हणाली. "भरलेली हाय."

"भरली होती," बाप म्हणाला. दोर हातात तसाच धरून तो खाली बसला. "पानी भरलं होतं तिनं. मंग पाय घसरला." म्हातारीने तोंडावरचा पदर काढला आणि मोठ्याने रडायला लागली. मावशी नंतर म्हणाली, त्या दिवसापर्यंत म्हातारी रडलीच नव्हती. लहानगीने माझा हात सोडला आणि ती जीप बघायला गेली.

परतताना मावशीचा डोळा लागला होता. मुलगी मागे ओल्या केसांनी खिडकीबाहेर बघत बसली होती. पांढरकवडा मागे पडल्यावर सर मान न वळवता म्हणाले, "तू आधी बोलली."

तिने ओले केस पुढे घेऊन पिळले.

"वर आली आन् आधी बोलली. म्या आयकलं."

मीही ऐकलं होतं. मी माझ्या मांडीवरच्या पर्सकडे पाहत राहिले.

"सर," ती म्हणाली, "तुमी डब्यात पानी भरता, तवा पोट्ट्यांयले सांगता का?"

एक-दोन गावं गेली. मग सर म्हणाले, "शेवटी सांगतो ना. डबा सोडून दाखवतो."

"हाव," ती म्हणाली. "मीबी सांगीन. लहानीले पोवता आलं का मंग."

विहीर बुजवली. मुलगी मावशीकडेच शिकली. पुढच्या हंगामातही क्लबात यायची, पण खोल पाण्यात कधी बुडी मारली नाही. वरवर पोहायची आणि लहान मुलींना डबे बांधायची. खोल पाण्यातली बाई मात्र क्लबात राहिली. नव्या आलेल्या मुलींना जुन्या मुली तिच्याविषयी सांगत. मी दटावणं सोडून दिलं होतं.

काही वर्षांनी धाकटी बहीणही शिकायला यवतमाळला आली. तिला शिकवण्याचं सगळं मोठीनेच केलं. पायरी, दांडी, डबा. सर काठावर बसून पाहत. तेही थकले होते. त्या मार्चातही पाण्यावर कापूस आला नव्हता.

एका संध्याकाळी धाकटी पलीकडच्या काठाला लागली. बाकी मुली कपडे बदलायला गेल्या होत्या, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मोठीने डबा सोडला, झाकण उघडलं आणि पाणी ओतलं. भडभड आवाज झाला. ते पाणी फरशीवरून माझ्या खुर्चीपर्यंत आलं.

धाकटी रागावली नाही. ती त्या ओघळाकडे बघत राहिली. मग बहिणीकडे पाहिलं.

"ताई, कळशी नव्हतीच ना?"

मोठीने आधी श्वास घेतला. मला तो ऐकू आला.

"नव्हती," ती म्हणाली.

सर तलावाकडे पाहत होते. मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. खोल बाजूचं पाणी काळं होत चाललं होतं, आणि खोटं कशाला सांगू, तिकडून कुणीतरी ऐकतंय असं मला वाटलं.

"बांध," धाकटी म्हणाली.

"काय?"

"डबा. बांध मले."

"आता कायले? येते तुले."

"बांध ना वं."

मोठीने रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि बहिणीच्या पाठीवर नाडा आवळला. या वेळी तिने डब्यात पाणी घातलं नाही. धाकटी पाण्यात उतरली आणि हळूहळू, गरज नसताना, डब्याच्या आधाराने पलीकडे निघाली. मोठी काठाने तिच्याबरोबर चालत राहिली. दर हाताला डबा पाठीवर वाजत होता. ठन्न, ठन्न. खोल बाजूने जातानाही तो तसाच वाजत राहिला.